गोड मिरचीचं बियाणं

शेंदूरमाळ नावाच्या गावात तिखट मिरची लावायला बंदी होती.

ऐकणाऱ्याला हे नवल वाटेल. मिरची म्हटली की ती तिखटच असायची. पण शेंदूरमाळची मिरची तशी नव्हती. ती लांब, जाड सालीची आणि कुंकवासारखी लाल होती, आणि चावली तरी जिभेला चटका बसत नसे. आधी किंचित गोडी लागे. मग उन्हात वाळलेल्या फळासारखी चव तोंडात रेंगाळे. तिची चिमूटभर पूड कोमट तेलात टाकली की सगळी आमटी लालभडक होई. तेल मात्र जपून तापवावं लागे. जास्त तापलं तर पूड करपून कडू होई.

मिरची मुळात आपल्याकडची नव्हेच. ती समुद्रापलीकडून गलबतांतून आली, किनाऱ्याला उतरली आणि घाट चढून गावोगाव पोचली. शेंदूरमाळातही ती आली तेव्हा तिखटच होती. पण एका वर्षी तिथल्या एका बाईने मिरच्या तोडताना सवयीने एक चावून पाहिली आणि ती जागीच थांबली. तोंड भाजलं नव्हतं. लोक तिला हसले. म्हणाले, "तिखट नसलेली मिरची आणि खारट नसलेलं मीठ. काय करायचं घेऊन?" त्या एका झाडाचं बी तिने राखेत घालून गाडग्यात ठेवलं. पुढच्या वर्षी त्या बियांतून जी झाडं आली, त्यांतल्या प्रत्येकाची एक मिरची तिने चावून पाहिली. तिखट निघालं ते झाड उपटलं, गोड निघालं त्याचं बी धरलं. ती गेल्यावर तिच्या सुनेने तेच केलं, मग सुनेच्या सुनेने. होता होता सगळं गाव तीच मिरची लावू लागलं आणि तिच्यावरच जगू लागलं. ज्यांना तिखट सोसत नाही अशी म्हातारी माणसं, आजारी माणसं, नुकती भाताला लागलेली लेकरं, सगळ्यांसाठी शेंदूरमाळची पूड जाई. राजवाड्यातही तीच जाई.

बंदी होती ती मधमाशीमुळे. तिखट झाडाच्या फुलावरून उठून मधमाशी गोड झाडाच्या फुलावर बसली, तर त्या वर्षीची मिरची गोडच राहते. पण तिच्या पोटातलं बी बिघडतं, आणि ते कळतं पुढच्या वर्षी.

चौथ्या पिढीला हे बियाणं बाळाक्का नावाच्या म्हातारीच्या हाती आलं. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा कधीच गेला होता. घरामागच्या एका वाफ्यात ती बियाण्याची झाडं वाढवी आणि दरवर्षी साऱ्या गावाला मूठ मूठ बी देई. त्या वाफ्याला लागूनच हैबती नावाच्या शेतकऱ्याचा गोठा होता.

हैबती सरळ माणूस होता. कुणाच्या बांधाला हात लावणारा नव्हे. त्याचा बाप तीस वर्षं दूरदेशी फौजेत होता, आणि आजारी पडून घरी आला तो अंथरुणालाच खिळला. त्याला अन्न जाईना. म्हणे, "जिभेला काही कळतच नाही रे. एकदा हिरव्या लवंगी मिरचीचा ठेचा दे. मग मी सुखाने जाईन."

हैबतीने बाजारातून वाळलेली लवंगी आणली. बापाने एक घास घेऊन ताट सरकवलं. त्याला हिरवीच हवी होती. बाजार दोन दिवसांच्या वाटेवर होता, हिरवी मिरची येईपर्यंत मलूल होई. शेवटी हैबतीने त्याहूनही लांबच्या बहिणीच्या गावाहून लवंगीची तीन रोपं आणली आणि गोठ्यामागे लावली.

"पाटलांना विचारलं असतं तर?" त्याची बायको सुंदरा म्हणाली.

"विचारलं तर ते नाहीच म्हणतील. आणि नाही म्हटल्यावर मला लावता येणार नाही."

रोपं वाढली, फुलली, मिरच्या धरल्या. सुंदराने ठेचा केला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, नाक लाल झालं, आणि कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला. महिनाभर असा जेवला आणि कार्तिकात शांतपणे गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हैबतीने तिन्ही झाडं उपटून जाळली. त्या वर्षीच्या गावाच्या मिरच्या नेहमीसारख्या गोड निघाल्या. हैबतीला वाटलं, झालं गेलं, कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या वर्षी पहिल्या तोडणीला तो आपल्या शेतात उतरला. एक मिरची तोडून त्याने चावली. गोड होती. पुढच्या सरीतली चावली. तीही गोड. तिसरी चावली आणि त्याच्या जिभेवर निखारा पडला.

त्याने थुंकून आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या शेतांतून माणसं वाकून तोडत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने ते झाड उपटून बांधाखाली टाकलं आणि वर माती ओढली. दिवसभरात अशी अकरा झाडं त्याला सापडली. दिसायला ती इतरांसारखीच होती, तशीच लांब, तशीच लाल. बी एकाच वाफ्यातलं होतं, तेव्हा जे त्याच्या शेतात होतं तेच साऱ्या गावात असणार, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण तो कुणाशी बोलला नाही.

मिरच्या वाळल्या. बायका देठ काढायला, बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढायला बसल्या. काहींची बोटं चुरचुरली. कुटताना दोघीतिघींना शिंका आल्या. आधी असं कधी होत नसे, पण त्यांनी धुळीला बोल लावला. पुडीची पोती भरून चार दिवस चावडीत उभी होती. हैबती रोज चावडीवरून जाई आणि रोज मान खाली घालून जाई. पाचव्या दिवशी पोती गडावरच्या राजवाड्याकडे निघून गेली.

त्यानंतर दहाव्या दिवशी, दुपारी, राजाचे कारभारी विसाजीपंत चार घोडेस्वार घेऊन गावात आले. त्यांनी पाणीही घेतलं नाही. चावडीच्या पायरीवर उभे राहून ते म्हणाले, "सगळ्यांना बोलवा."

गाव जमलं. पंतांनी सांगितलं ते ऐकून सगळे गार पडले. राजाच्या वडिलांना, थोरल्या महाराजांना, पोटाचा जुना विकार होता. शेंदूरमाळच्या पुडीशिवाय दुसरं तिखट त्यांना चालत नसे. नव्या पुडीची आमटी त्यांनी दोन घास खाल्ली आणि त्यांचा श्वास कोंडला. तीन दिवस ते बोलू शकले नाहीत. विषप्रयोगाच्या संशयाने आचाऱ्याला कोठडीत टाकलं होतं. वैद्य म्हणत होता की विष नव्हे, पुडीत जहाल मिरची आहे.

"आचारी खोटा की तुम्ही खोटे, हे मला आज ठरवून जायचं आहे," पंत म्हणाले. "हे ऊन या पायऱ्यांवरून उतरेपर्यंत मला नाव पाहिजे. नाव मिळालं नाही, तर शेंदूरमाळची पूड पुन्हा कुठल्याही पेठेत उतरणार नाही."

ऊन तिसऱ्या पायरीवर होतं.

पाटलांनी विचारलं, "बियाणं कुणाच्या हातचं?"

सगळ्यांनी बाळाक्काकडे पाहिलं. ती काठी टेकत पायऱ्या चढून पुढे आली.

"माझ्या हातचं," ती म्हणाली.

"मिसळ कशी झाली?"

"ते मला सांगता येणार नाही. पण राखायचं काम माझं होतं. दोष माझाच."

एवढं ऐकल्यावर लोकांना धीर आला. आतापर्यंत गप्प असलेले बोलू लागले. कुणी म्हणालं, म्हातारीला दिसत नाही, कुठलंही बी उचलून दिलं असेल. कुणी म्हणालं, दिसत नव्हतं तर सांगायचं होतं. मागून एक जण म्हणाला, "हिच्या पोटी ना पोर ना बाळ. गाव जगलं काय, मेलं काय, हिला त्याचं काय?" ज्या माणसाने हे म्हटलं, त्याच्या घरात तीस वर्षं तिच्याच हातचं बी जात होतं.

बाळाक्काने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

हैबती पायऱ्यांखालच्या खांबाला टेकून उभा होता. सुंदराने त्याचं मनगट धरलं होतं आणि ती अगदी हळू बोलत होती. "गप्प राहा. ती एकटी आहे. आपल्या पदरात दोन लेकरं आहेत. आज बोललात तर उद्या आपण कुठे जायचं?"

हैबती गप्प राहिला. ऊन दुसऱ्या पायरीवर आलं.

पाटील आणि पंत आपसांत बोलले. मग पाटील म्हणाले, "बाळाक्का, तुला पंतांबरोबर गडावर जावं लागेल. आणि तुझा वाफा आजच्या आज खणून टाकायचा."

"जाते," ती म्हणाली. "पण वाफा खणू नका. त्यात अजून गोड झाडं आहेत."

ती पायऱ्या उतरू लागली. शेवटच्या पायरीवर तिचा तोल गेला आणि आधाराला तिने हात पुढे केला. जवळ हैबती होता. तिने त्याचाच दंड धरला.

"हैबती का रे?" तिने वर पाहून विचारलं. "बरं झालं. मी येईपर्यंत वाफ्याला पाणी घालशील? तू शेजारीच आहेस. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही."

सुंदराच्या हातातून हैबतीने मनगट सोडवून घेतलं.

"आक्का, थांब," तो म्हणाला. मग तो पायरी चढून पंतांपुढे उभा राहिला. "तिला नेऊ नका. बियाणं मी बिघडवलं."

त्याने सगळं सांगितलं. बापाचा ठेचा, बहिणीच्या गावाहून आणलेली तीन रोपं, गोठ्यामागची जागा, जाळलेली झाडं. इथवर त्याचा आवाज नीट होता. तोडणीच्या दिवसाजवळ आल्यावर तो अडखळला, पण थांबला नाही. अकरा झाडं उपटून पुरल्याचंही त्याने सांगितलं.

पंतांनी विचारलं, "तोडणीच्या दिवशीच तुला कळलं होतं?"

"होय."

"तेव्हा पोती गावातच होती?"

"चार दिवस चावडीत होती."

"बापासाठी तीन रोपं लावलीस, ते मी समजू शकतो," पंत म्हणाले. "ते चार दिवस मला समजत नाहीत."

"भीती वाटली."

"कुणाची?"

हैबतीने मागे वळून गावाकडे पाहिलं. "या सगळ्यांची," तो म्हणाला.

पाटील रागाने पुढे आले. "लेकराबाळांना घे आणि आजच गाव सोड," ते म्हणाले. गर्दीतून होकार उठला. दोघेतिघे पुढे सरकले. एकाच्या हातात काठी होती. सुंदरा नवऱ्याच्या आणि त्या माणसांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

तेवढ्यात बाळाक्का बोलली. "मला ठेच्याचा वास आला होता."

सगळे थांबले.

"गेल्या वर्षी, आश्विनात. हिरव्या लवंगीचा वास. महिनाभर येत होता. मरायला टेकलेल्या माणसाच्या तोंडचा घास कसा विचारायचा, म्हणून मी विचारलं नाही. दोष माझा म्हणाले ते उगाच नाही." ती पाटलांकडे वळली. "याला घालवायचं तर घालवा. पण मग शेतातली झाडं चाखणार कोण? दिसून काही कळणार नाही. एकेक चावूनच बघावं लागेल. मला दात नाहीत. तुमच्यातलं कोण चावणार?"

कुणी हात वर केला नाही. काठीवाल्याने काठी खाली केली.

पंतांनी थोडा विचार केला. मग ते म्हणाले, "हा आधी गडावर येईल. जे इथे सांगितलं ते तिथे सांगेल. परत आला तर झाडं चाखेल. परत पाठवायचं की नाही, ते थोरले महाराज ठरवतील."

हैबती घोड्यांच्या मागून चालत गडावर गेला. दोन दिवसांची ती वाट त्याला फार लांब वाटली. थोरले महाराज लोडाला टेकून बसले होते. त्यांचा आवाज अजून घोगरा होता. हैबतीने हात जोडून पुन्हा सगळं सांगितलं. आचाऱ्याला त्याच वेळी कोठडीतून बाहेर आणलं. तो हैबतीजवळून गेला तेव्हा थांबला. त्याने हैबतीला शिवी दिली नाही. "माझी आई नऊ दिवस जेवली नाही," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला. हैबतीला वाटलं, याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

महाराजांनी हैबतीला जवळ बोलावलं. "परत जा," ते म्हणाले. "आणि पहिल्यासारखी पूड घेऊन ये. तोवर आम्ही अळणी जेवू."

हैबती परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात उतरला. पहिल्या तोडणीची उरलेली सगळी पूड गावाने खड्ड्यात पुरली होती, पण झाडं उभी होती. प्रत्येक झाडाची एक मिरची तोडायची, देठाकडचा भाग चावायचा, कारण तिखटपणा असतो तो तिथल्या पांढऱ्या शिरेत. गोड लागली तर पुढे जायचं. तिखट लागली तर झाड उपटायचं, ताक पिऊन जीभ निवू द्यायची आणि पुढचं झाड. जीभ निवल्याशिवाय पुढचं चाखून उपयोग नसे, म्हणून काम हळू चाले. संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ सुजले. तिसऱ्या दिवशी त्याला पाणीही गिळवेना. चौथ्या दिवशी तो शेतात गेला तेव्हा शेजारच्या सरीत सुंदरा वाकलेली दिसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू कशाला?" त्याने विचारलं.

"गप्प राहा असं मीच म्हणाले होते ना," ती म्हणाली आणि पुढची मिरची चावली.

गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. विहिरीवर सुंदरा आली की बायका बाजूला होत. ती दोघं मात्र एकेक शेत करत राहिली. सतरा दिवसांनी शेवटचं शेत आणि बाळाक्काचा वाफाही झाला.

पण एका वर्षात बी सुधारत नाही. तिखट झाडं उपटली तरी त्यांच्या फुलांवरच्या मधमाशा आधीच सगळीकडे फिरून आल्या होत्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा तिखट झाडं निघाली, आधीपेक्षा कमी. तिसऱ्या वर्षी आणखी कमी. त्या तीन वर्षांत गावाने पूड विकली नाही. ज्वारी आणि हरभऱ्यावर दिवस काढले. लोक हैबतीला बोल लावत, आणि हैबती ऐकून घेई. तिसऱ्या वर्षी मात्र एका सकाळी तो शेतात उतरला, तेव्हा ज्याने बाळाक्काला पोराबाळांवरून टोचलं होतं तो माणूस सरीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याच्या हातात ताकाचा तांब्या होता. तोही चाखायला लागला. दुपारपर्यंत आणखी सातजण आले.

चौथ्या वर्षी साऱ्या शेतांत मिळून एकही झाड तिखट निघालं नाही. बाळाक्काने पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की ना?" हैबती म्हणाला, "नक्की, आक्का." तरी तिने एक मिरची हिरड्यांत धरून चावली आणि मग मान हलवली. हैबती स्वतः पुडीचं पहिलं पोतं घेऊन गडावर गेला. आमटी त्याच आचाऱ्याने केली. महाराजांच्या आधी ती हैबतीने चाखली, मग आचाऱ्याने, आणि मग महाराज तीन वर्षांनी तांबड्या आमटीशी भात जेवले.

त्यानंतर दोन वर्षांनी पावसाळ्यात शेंदूरमाळात एक गोष्ट घडली. गंगव्वा नावाची नवी सून भर पावसात पाटलांच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात मुळासकट उपटलेलं एक मिरचीचं झाड होतं. ती इतकी घाबरली होती की तिला नीट बोलता येत नव्हतं.

"उकिरड्यावर उगवलं होतं," ती म्हणाली. "माहेरच्या भाकरीच्या फडक्यातून बी पडलं असेल. मी आज पाहिलं. दोन फुलं उमललेली आहेत. किती दिवसांची ते मला माहीत नाही."

पाटील उठून दारात आले. मग त्यांनी घरात हाक मारली, "हिला कोरडं लुगडं द्या, आणि आधी बसवा." एका गड्याला त्यांनी हैबतीकडे धाडलं. हैबती आला, झाड पाहिलं, फुलं पाहिली. "कालची आहेत," तो म्हणाला. "कालपासून पावसाने उघडीप दिली नाही, माशी फिरली नसेल. तरी वाफ्यातल्या उकिरड्याच्या बाजूच्या दोन सरींचं बी यंदा धरू नका." मग तो गंगव्वाला म्हणाला, "चांगलं केलंस पोरी. मला हे सांगायला दीड वर्ष लागलं होतं."

तात्पर्य: आपली चूक आपण लपवली की तिचं फळ दुसऱ्याच्या पदरात पडतं. म्हणून चूक कळताच ती सांगावी, आणि सांगितल्यावर आपल्याच हातांनी निस्तरावी. सांगणाऱ्याला भीती वाटणार नाही, अशी वागणूक ठेवणं हे ऐकणाऱ्यांचं काम.